पाणकावळ्यांबरोबर वडगावला

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलमधलं सगळं कळतं. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणा आमच्याकडे गोलकीपरलासुद्धा शिकवत नाहीत. नोकरीची सगळी वर्षं मी कॉलेजात खेळ शिकवला. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तालमीजवळच्या कट्ट्यावर बसून कुणाला खेळवायला हवं होतं आणि कुणाला बसवायला हवं होतं, याचे निकाल देतो. आमचं काम कोर्टासारखंच चालतं. फरक इतकाच, की आमच्याकडे पुढची तारीख पडत नाही आणि आरोपीचं म्हणणं ऐकून घेत नाहीत.

त्यामुळे जानेवारीत प्रज्ञाचा फोन आला, तेव्हा मला काही आश्चर्य वाटलं नाही. प्रज्ञा सोनवणे ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती इंदापूर तालुक्यातल्या डाळजला असते, शाळेत शिकवते आणि गावच्या ‘पाणकावळे फुटबॉल क्लब’ची प्रशिक्षक आहे. पुरुषांच्या संघाला बाई प्रशिक्षक, ही गोष्ट गावाने मोठ्या मनाने स्वीकारली आहे. म्हणजे संघ जिंकत होता तोवर स्वीकारली होती.

“सर, रविवारी सेमीफायनल आहे, वडगाव निंबाळकरशी,” ती म्हणाली. “सलग तीन मॅच हरलोय, तरी गटातून वर आलो. तुम्ही या. ओळखीचं कुणीतरी बाजूला उभं असलं की बरं वाटतं.”

मी तिला सल्ला देण्यासाठी निघालो. तिने तो मागितला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

फलटणमार्गे आलेल्या एसटीने मला दुपारी बारामतीत सोडलं. बारामतीचे रस्ते इतके रुंद आणि दुभाजकांवरची झाडं इतकी नीट कापलेली, की आपण पाहुणे आहोत आणि आपल्याला काहीतरी दाखवलं जातंय असं सारखं वाटत राहतं. स्टँडवरच वडापाव खाल्ला आणि भिगवणची गाडी पकडली. शेजारी एक पागोटंवाले आजोबा होते. मांडीवर डाळिंबाची रोपं.

“पक्षी बगाय आलाय जनू,” ते म्हणाले. थंडीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागून पुण्याची मंडळी हातभर लांब कॅमेरे घेऊन उतरतात, हे मला ठाऊक होतं.

“नाही, फुटबॉलची मॅच बघायला.”

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “कोल्लापूरवरनं?”

“हो.”

“डाळजची?”

“हो.”

“घरी बरं हाय ना सगळं?” त्यांनी खऱ्या काळजीने विचारलं.

भिगवणला गाडी बदलून डाळजच्या फाट्यावर उतरलो, तर प्रज्ञा स्कूटी घेऊन उभी होती. महामार्गाला लागून गाव. एका अंगाला पुणे-सोलापूरच्या ट्रकांचा अखंड आवाज, दुसऱ्या अंगाला ऊस, केळी आणि पलीकडे चकाकणारं पाणी. ती मला थेट मैदानावर घेऊन गेली. मैदान म्हणजे गायरानाचा सपाट केलेला तुकडा. मुलं घाम गाळत होती. एकच उंच, काटक तरुण बाजूला उभा राहून सरावाचे शंकू उचलून देत होता.

“हा कोण?”

“विशाल. आपला स्ट्रायकर.”

“मग शंकू का उचलतोय?”

“तो उद्या खेळणार नाही, सर.”

मी हसलो. शिष्येची चूक सापडली की गुरूला जे हसू येतं ते. “गोल करणारा माणूस बाहेर ठेवून सेमीफायनल?”

“कारण आहे,” ती म्हणाली, शिट्टी वाजवली आणि मुलांकडे निघून गेली.

कारण विचारायला मी काही थांबलो नाही. कोल्हापूरच्या माणसाला कारण विचारावं लागत नाही, ते त्याला दिसतं. पोरीला अहंकार झालाय, स्ट्रायकरशी वाजलंय, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

संध्याकाळी तिच्या आईने चिलापी (उजनीत भरपूर मिळणारा मासा) तळली होती. सोबत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. काट्यांकडे दुर्लक्ष करून मी ऑफसाइडच्या सापळ्यावर बोलत होतो, तेव्हा एक काटा घशात अडकला. सुक्या भाताचा गोळा, केळं, पाठीवर थापट्या, असे सगळे उपाय झाल्यावर तो खाली गेला. तेवढी दहा मिनिटं त्या घरात शांतता होती.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी रेल्वेच्या गणवेशातल्या एका माणसाचा फोटो. “माझे आजोबा,” प्रज्ञा म्हणाली. “दौंडला रेल्वेत होते. तिथे साहेबलोकांची मॅच बघून बघून शिकले. गावात पहिला चेंडू त्यांनी आणला. आमच्या वस्तीतली पोरं आणि ते, एवढाच संघ होता सुरुवातीला.”

“म्हणजे क्लबचे संस्थापक तेच.”

“उद्या पोपटरावांच्या हॉटेलात जा,” ती हसून म्हणाली. “तिथे संस्थापक पुष्कळ भेटतील.”

रविवारी सकाळी मी गेलो. पोपटरावांचं हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी आणि उकळून उकळून तांबडा झालेला चहा. मधल्या बाकड्यावर जालिंदरतात्या बसले होते. डाळिंबाचे बागायतदार, क्लबचे अध्यक्ष. डोक्यावर टोपी, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये युरोपातली कालची मॅच. भोवती आठ-दहा जण. सगळ्यांच्या चेहऱ्यावर पराभूत सेनापतीचं गांभीर्य.

“आपल्याकडं हाय प्रेस न्हाय,” तात्या म्हणाले.

वाक्यात ‘हाय’ आणि ‘न्हाय’ दोन्ही आल्यामुळे ते आहे की नाही, हेच मला क्षणभर कळेना. मग उलगडलं. चेंडू गेला की समोरच्याच्या गोलाजवळच त्याला घेरायचं, त्या डावपेचाचं हे इंग्रजी नाव. तात्यांच्या मते डाळजचा संघ घेरत नाही, उलट मागे येऊन पाहुण्यासारखा दारात उभा राहतो.

“मॅडमचं म्हननं, आदी बचाव,” पोपटराव कपबशा विसळत म्हणाले. “आवं, बचाव करायला काय खजिना हाय का आपल्याकडं?”

“चार-चार-दोनची मांडणी सोडून तीन-पाच-दोन केली, तितंच माती झाली.”

“त्याच्या आदीचा कोच काय वंगाळ हुता? निदान ओरडायचा तरी.”

“ओरडायचा खरं. पर सगळ्या मॅचा हारला.”

“हारला, पर कसा हारला! ताठ मानेनं!”

मग इतिहास निघाला. तात्यांच्या म्हणण्यानुसार क्लब त्यांच्या चुलत्यांनी काढला, कारण मैदानाची जागा त्यांनी मिळवून दिली. पोपटरावांच्या मते त्यांच्या वडिलांनी काढला, कारण पहिली सभा याच शेडमध्ये झाली आणि चहा फुकट होता. तिसऱ्या एकाच्या मामांनी जर्सीचा रंग सुचवला होता, सबब तेही संस्थापक. रेल्वेतल्या माणसाचं नाव कुणी घेतलं नाही. मी सहज विचारलं, पहिला चेंडू कुणी आणला? “चेंडू हुताच की,” तात्या म्हणाले. डाळजच्या इतिहासात मैदान राहिलं, चहा राहिला, रंग राहिला. चेंडू तेवढा घरंगळत कुठेतरी गेला.

हे मी तिथेच बोललो असतो तर आज मला स्वतःबद्दल जरा बरं लिहिता आलं असतं. पण तेवढ्यात पोपटरावांनी चहा पुढे केला आणि विचारलं, “पावणं कुठलं?”

“कोल्हापूर. खेळाचा शिक्षक होतो.”

बाकड्यावर लगेच जागा झाली. कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. माझी आणि प्रज्ञाची ओळख मी सांगितली नाही, म्हटलं, निःपक्षपाती दिसावं. तात्यांनी मोबाइल खाली ठेवला. हा सन्मान युरोपातल्या कुठल्याच संघाला मिळाला नसेल.

“सर, तुमीच सांगा. इशाल आपला नंबर एक. मॅडम त्येला बसिवत्यात. तुमी काय केलं असतं?”

मी चहाचा घोट घेतला. दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आमच्या कट्ट्यावर इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही, कारण तिथे सगळेच बोलत असतात.

“स्ट्रायकर पहिल्या मिनिटापासून पाहिजे,” मी म्हणालो. “त्याला बसवणं म्हणजे सामना सुरू होण्याआधीच हात वर करणं.”

“ऐकलं का!” तात्या उठलेच. “कोल्लापूरचं सर म्हनत्यात, हात वर करनं!”

अर्ध्या तासात हे वाक्य गावभर फिरलं आणि फिरता फिरता वाढलं. प्रज्ञाच्या दारात पोचलं तेव्हा कोल्हापूरचे सर असं म्हणत होते, की ही बाई वडगावला सामील आहे. मी तिच्या ओसरीवर पोचलो तर तात्या आधीच तिथे उभे. विशाल भिंतीला टेकून खाली मान घालून होता. तो तिला काहीतरी सांगायला आला असावा. तात्यांपुढे ते राहून गेलं होतं.

“मॅडम, इशाल खेळनार आज,” तात्या म्हणाले. “आवं, ह्ये कोल्लापूरचं सर सुदीक म्हनालं.”

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. “सर, तुम्ही म्हणालात?”

खोटं बोलायला जागा नव्हती. “म्हणालो. पण सर्वसाधारणपणे…”

ती पुढचं ऐकायला थांबली नाही. “तात्या, विशाल खेळणार नाही.”

“कारन सांगा.”

तिने विशालकडे पाहिलंसुद्धा नाही. “कारण माझ्याजवळ राहील.”

“मंग आजची मॅच तुमची शेवटची. हारलो तर संध्याकाळी दुसरा मानूस बगतो.”

“बघा,” ती म्हणाली आणि आत जाऊन जर्सींचं गाठोडं घेऊन आली. गाठोडं जड होतं. विशाल उचलायला पुढे झाला, तर तिने त्याला हाताने मागे सारलं आणि ते माझ्या हातात दिलं. मी ते टेम्पोपर्यंत नेलं. एवढाच माझा त्या दिवसातला उपयोग.

वडगाव निंबाळकर बारामतीच्या पलीकडे, नीरेच्या रस्त्यावर. आमचा टेम्पो पुढे, मागे मोटारसायकली. साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर इतके, की आम्ही बराच वेळ एका ट्रॉलीच्या मागे तिच्यातून सांडणारी वाढं (उसाचे शेंडे) बघत होतो. प्रज्ञा पुढे ड्रायव्हरशेजारी. मी मागे समर्थकांमध्ये. समर्थकांच्या मते वडगाव आपल्यापुढे काहीच नव्हतं, पण मैदान त्यांचं, रेफरी त्यांच्या बाजूचा आणि तालुका बारामतीचा.

“बारामतीला सगळं आदी मिळतंय,” पोपटराव म्हणाले. “रस्ता म्हना, पानी म्हना, पेनल्टी म्हना.”

वडगावात आमचं स्वागत मात्र असं झालं, की शत्रुत्व करणं अवघड जावं. दुधाचं गाव. आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात ताकाचा ग्लास, वर “आजून घ्या की.” तात्यांनी तीन ग्लास घेतले आणि माझ्या कानात म्हणाले, “पोरान्ला सांगा, जास्ती पिऊ नका. डाव हाय ह्यो.”

मैदानाच्या तीन बाजूंना उभा ऊस. जोरात मारलेला चेंडू उसात गेला की दोन्ही संघांचे बचावपटू मिळून त्याला शोधायला जात. पाती कापत, खोकत, एकमेकांना हाका मारत. सहकाराचा मुलूख म्हणतात तो हाच. बाकी वेळ ते एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारत होते.

प्रज्ञाचा संघ मात्र चांगला खेळत होता. हे मला पंधराव्या मिनिटाला दिसलं आणि कबूल करायला मध्यंतर उजाडलं. स्ट्रायकर नाही म्हणून तिने मधली फळी दाट केली होती. वडगावला चेंडू मिळत होता, पण वाट मिळत नव्हती. मध्यंतराला शून्य-शून्य. आमच्या बाजूचे लोक जरा गप्प होते. त्यांना हरायची सवय होती, जिंकायचीही थोडी होती, पण बरोबरीची अजिबातच नव्हती.

मध्यंतरानंतर लगेच वडगावचा गोल झाला. कॉर्नर, घोळका, कुणाचा तरी गुडघा, चेंडू आत. साधा, कुरूप गोल. त्यासरशी आमच्या दोरीमागून आरडाओरडा सुरू झाला.

“इशाल! इशाल! इशाल!”

मग त्यात दुसरी भर पडली. “मॅडम, घरी जा!” कुणीतरी त्याहून वाईट काहीतरी ओरडलं, तिच्या वस्तीचं नाव घेऊन. काही जण हसले. तात्या हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही. मीही केलं नाही. मी खाली बघून बुटाची नाडी बांधत होतो. ती सुटलेली नव्हती.

प्रज्ञा पाठमोरी उभी होती. तिची मान जराही हलली नाही. मैदानाकडे बघत ती शांतपणे हाताने डाव्या बाजूच्या खेळाडूला पुढे सरकायला सांगत होती.

विशाल राखीव खेळाडूंच्या बाकावर ट्रॅकसूट घालून बसला होता. तो उठला. लोकांना वाटलं, उतरतोय. टाळ्या पडल्या. पण तो मैदानाकडे न जाता दोरीकडे, आमच्याकडे आला. तेव्हा मला दिसलं की तो डावा पाय किंचित ओढतोय. कालपासून तो माझ्या डोळ्यांसमोर तसाच चालत होता.

त्याने ट्रॅकसूटची विजार गुडघ्याच्या वर ओढली. गुडघ्याला पट्टा होता आणि पट्ट्याच्या कडेने सूज.

“मॅडमला काय बी बोलायचं न्हाय,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “लिगामेंट दुखावलंय. डॉक्टर म्हनले, महिनाभर पाय जपायचा. आज खेळलो तर पोलीस भरतीचं पळनं गेलं माझं. मीच मॅडमला म्हनलं हुतं, कुनाला सांगू नका. त्यांनी न्हाय सांगितलं. तुमी तीन मॅच शिव्या घालताय, तरी न्हाय सांगितलं.”

“आरं, मंग आमाला सांगायचं की लेका!” तात्या म्हणाले.

“तुमाला?” विशाल त्यांच्याकडे वळला. “मागल्या भरतीत राहिलो, तवा पोपटरावाच्या हाटेलात बसून तुमीच म्हनला हुता, तात्या, ह्येचं काय खरं न्हाय. आमची आई दुधाचं बिल घ्यायला आली हुती. दारातनं ऐकून ती तशीच माघारी गेली. गुडघ्याचं कळलं असतं तर तुमी भरतीच्या आदीच माझा निकाल लावला असता.”

वडगावचे लोकसुद्धा ताकाची घागर मधे ठेवून बघत होते. तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग ते दोरीखालून वाकून आत गेले, विशालच्या खांद्याला धरून त्याला बाकापर्यंत घेऊन गेले आणि स्वतः त्याच्याशेजारी बसले.

प्रज्ञाने हे सगळं ऐकलं असणारच. तिने मागे वळून पाहिलं नाही. “सुनील, मागे ये!” एवढंच ती ओरडली.

आम्ही हरलो. एक-शून्य. अगदी शेवटी आमच्या एकाने डोक्याने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला, नाहीतर ही हकीकत फार सुंदर झाली असती.

परतीच्या टेम्पोत मी पुन्हा मागेच होतो. बारामती येईपर्यंत समर्थकांचा शोध पूर्ण झाला होता. विशालच्या चालण्यावरून आपल्याला केव्हाच संशय आला होता, असं सहा जणांनी सांगितलं. मॅडमची मधली फळी दाट करण्याची कल्पना खरं तर पोपटरावांचीच होती. आणि पराभवाचं कारणही सापडलं.

“सगळा घोळ त्या कोल्लापूरच्या सरांनी घातला,” कुणीतरी अंधुक उजेडात म्हणालं. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो.

डाळजला उतरल्यावर तात्या प्रज्ञापाशी आले. माफी मागणं हा काही अध्यक्षांच्या अखत्यारीतला विषय नाही. त्यांनी आधी टेम्पोच्या चाकाची हवा पायाने तपासली.

“मॅडम, मंगळवारी सराव किती वाजता?”

“सहाला.”

“येतो मी. पोरान्ला केळी घिऊन येतो.”

“दुसरा माणूस बघणार होता ना?”

“बगितला,” तात्या म्हणाले. “गावात कुनी न्हाय तसा.” आणि घराकडे चालू लागले.

मी माफी मागितली. मला ती नीट जमली नाही, मधेच मी चार-चार-दोनबद्दल बोलू लागलो. प्रज्ञाने मला थांबवलं.

“सर, राग आला होता तुमचा. पण हे तुमच्याकडूनच शिकले मी. पहिल्या वर्षी तुम्ही वर्गात सांगितलं होतं, खेळाडूचं दुखणं त्याने ठरवल्याशिवाय चार माणसांत न्यायचं नाही. मी वहीत लिहून ठेवलंय.”

मी असं काही कधी शिकवल्याचं मला अजूनही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी मान हलवली आणि ते वाक्य माझं म्हणून ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत डाळजने मला दिलेली ही सगळ्यात महागडी वस्तू, आणि तीही बहुधा माझी नव्हती.

सोमवारी सकाळी बारामतीहून मोरगावची एसटी धरली. इतक्या लांब आलोच आहे तर गणपतीचं दर्शन घेऊन या, अशी घरून फोनवर आज्ञा झाली होती. बारामतीची हिरवळ मागे पडली की मोरगावकडे जमीन एकदम कोरडी होते. ज्वारीची ताटं, बाभळी, बांधाबांधाने शेळ्या. दर्शन घेऊन गाडीची वाट बघत बसलो, तर शेजारी एक शेळ्यावाली बाई येऊन टेकली. कुठून आलात, कशाला आलात, झालं. मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. कदाचित तिला फुटबॉल कळत नव्हता म्हणून.

“पोराचा पाय कसा हाय आता?” तिने विचारलं.

गेल्या तीन दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. तिथूनच प्रज्ञाला फोन लावला. सूज उतरतेय, ती म्हणाली.

कोल्हापूरला आल्यावर दीडेक महिन्याने तिचा निरोप आला. विशाल भरतीच्या मैदानावर पळाला, पूर्ण अंतर पळाला. निवडयादी अजून लागायची आहे. पोपटरावांच्या हॉटेलात त्यावर काय चर्चा चालू आहे, हे तिने लिहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. आमच्या पेठेच्या संघाने आदल्या दिवशी आपला कर्णधार बाहेर बसवला होता आणि कट्टा पेटला होता. कुणी म्हणत होतं त्याला माज आलाय, कुणी म्हणत होतं प्रशिक्षकाशी भांडण झालंय. मला बघताच सगळे थांबले. माझा निकाल शेवटचा असतो.

“सर, तुम्ही सांगा. का बसवला असेल त्याला?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

मग एकाने सरकून मला जागा दिली, दुसऱ्याने पाणी मागवलं आणि तिसऱ्याने हळूच विचारलं, “सर, प्रवास फार झाला का हो?”